त्वचेची साक्ष : स्वीटच्या रोगाचा इतिहास

रोगांना नांवें कशीं पडतात, हा वैद्यकाच्या इतिहासांतील एक मनोरंजक भाग आहे. कांहीं रोग आपल्या लक्षणांवरून ओळखले जातात, कांहीं ज्या गांवीं प्रथम आढळले त्या गांवाचें नांव धारण करितात, आणि कांहीं ज्या डॉक्टरानें त्यांचें प्रथम वर्णन केलें त्याच्या नांवानें जगभर फिरतात. या तिसऱ्या वर्गांत 'स्वीटचा रोग' येतो. इंग्रजी जाणणाऱ्या मनुष्यास हें नांव ऐकतांच हा मधुमेहाचा एखादा भाऊबंद असावा असें वाटेल. पण त्याचा साखरेशीं कांहींएक संबंध नाहीं. रॉबर्ट डग्लस स्वीट या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञाचें तें आडनांव आहे. रोग विरळा आहे. पुष्कळ डॉक्टरांना आपल्या साऱ्या हयातींत त्याचा एखादाच रोगी पाहावयास मिळतो, आणि कित्येकांना तोहि मिळत नाहीं. मग अशा विरळ्या रोगाचा इतिहास सांगण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन हें, कीं या रोगाचीं चिन्हें उमटतात त्वचेवर, आणि त्यांचें मूळ कित्येक वेळां असतें हाडांतील मज्जेंत, रक्ताच्या कर्करोगांत. त्वचेनें दिलेली ही साक्ष वैद्यकाला ऐकूं यावयास किती काळ लागला, आणि ऐकूं आल्यावर तिचा अर्थ कसकसा बदलत गेला, हें समजून घेण्यासारखें आहे.

या कथेचा आरंभ स्वीट यांच्यापासून नव्हे, तर त्यांच्या शंभरएक वर्षें आधीं झाला. सन १८४५ मध्यें युरोपांतील दोन शहरांत दोन शवांची चिकित्सा झाली. एडिंबरो येथें जॉन ह्यूज बेनेट यांनीं एका कौलारूच्या शवाची तपासणी केली, व बर्लिन येथें रुडोल्फ फिर्खो या तरुण डॉक्टरानें एका स्वयंपाकीणबाईच्या शवाची. दोघांसहि एकच चमत्कारिक गोष्ट दिसली. पाणथरी अवाढव्य वाढलेली होती आणि रक्त तांबडें असावयाचें तें पांढुरकें, पुवासारखें दिसत होतें. बेनेट यांनीं निष्कर्ष काढला, कीं रक्तांतच पू झाला आहे. हा निष्कर्ष अगदीं वेडगळ होता असें म्हणतां येत नाहीं. कारण पुवांत जे कण दिसतात तशाच पांढऱ्या कणांनीं तें रक्त भरलेलें होतें. पण फिर्खो यांनीं एक साधा प्रश्न विचारला : पू म्हटला कीं कोठेंतरी जखम, गळूं किंवा दाह असावयास पाहिजे, येथें तो कोठें आहे? तो कोठेंच नव्हता. तेव्हां हा पू नव्हे, रक्तांतील पांढऱ्या कणांचीच ही बेसुमार वाढ आहे, असें त्यांनीं ठरविलें. १८४७ मध्यें त्यांनीं या रोगास ग्रीक शब्दांपासून 'ल्युकेमिया' म्हणजे 'पांढरें रक्त' असें नांव दिलें. जेथें जंतु नाहींत तेथें पुवाचे कण काय करितात, हा त्यांचा प्रश्न पुढें स्वीट यांच्या रोग्यांच्या त्वचेंत निराळ्या वेषानें पुनः उभा राहावयाचा होता.

पुढील चाळीस वर्षांत या पांढऱ्या कणांचें कूळ व काम या दोहोंचाहि उलगडा झाला. १८६८ मध्यें कोनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमन यांनीं रक्ताचे कण हाडांतील मज्जेंत जन्म घेतात असें दाखविलें, आणि १८७० मध्यें ल्युकेमियाच्या एका रोग्याची मज्जाच बिघडलेली असल्याचें त्यांस आढळलें. १८७९ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनीं रंग देऊन रक्तकण पाहण्याची युक्ति काढली. जे पांढरे कण आम्ल रंग घेत ते एका जातीचे, जे अल्कली रंग घेत ते दुसऱ्या जातीचे, आणि ज्यांचे दाणे या दोहोंच्या मधल्या उदासीन रंगानें रंगत ते 'न्यूट्रोफिल', अशी वर्गवारी त्यांनीं लाविली. १८८२ मध्यें सिसिली बेटांतील मेसिना येथें एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत गुलाबाचे काटे टोंचून ठेविले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या काट्यांभोंवतीं भटक्या पेशींनीं गराडा घातलेला त्यांस दिसला. शरीरांत शिरलेल्या परक्याला वेढून गिळून टाकणें हें या पेशींचें कामच आहे, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. एर्लिख व मेचनिकॉफ यांस १९०८ चें नोबेल पारितोषिक वांटून मिळालें.

आपल्याकडील गांवगाड्याची उपमा द्यावयाची तर हे न्यूट्रोफिल म्हणजे गांवचे जागले होत. प्रौढ मनुष्याच्या मज्जेंतून दररोज सुमारें शंभर अब्ज न्यूट्रोफिल बाहेर पडतात आणि रक्तांतून गस्त घालीत फिरतात. त्यांचें आयुष्य फार थोडें, बहुतेकांचें एखाददुसऱ्या दिवसाचें. कोठें जंतूंचा शिरकाव झाला, कीं हांक उठते, जागले रक्तवाहिनीची भिंत ओलांडून त्या जागीं धांव घेतात, लढतात आणि मरतात. त्यांच्या प्रेतांचा खच म्हणजेच पू. या व्यवस्थेंत एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे : हांक उठली म्हणजे चोर आलाच असला पाहिजे. पण चोर नसतांच हांक उठली तर? साऱ्या गांवचे जागले एखाद्या निरपराध वाड्यांत घुसले, तर तेथील गृहस्थाची जी दशा होईल, तीच दशा स्वीटच्या रोगांत त्वचेची होते.

आतां विसाव्या शतकाच्या मध्यावर येऊं. १९४८ हें साल वैद्यकाच्या इतिहासांत ठळक अक्षरांनीं लिहिण्यासारखें आहे. त्या वर्षीं जुलैच्या ५ तारखेस ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली व दवाखान्याचें दार गरीबगुरिबांना फी न देतां मोकळें झालें. त्याच वर्षीं जूनमध्यें बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं तीव्र ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना 'अमिनॉप्टेरिन' हें औषध दिल्याचें व त्यांपैकीं १० मुलांचा रोग कांहीं काळ मागें हटल्याचें प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत या रोगापुढें डॉक्टरांनीं हात टेकलेले होते. तें औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेंतून आलें तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्र प्रांतांतील भीमवरम येथें जन्मलेले डॉ. येल्लाप्रगड सुब्बराव हे होते. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्यांचें निधन झालें. आणि सप्टेंबरांत अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका रोगिणीस पुढें 'कॉर्टिसोन' या नांवानें प्रसिद्ध झालेलें द्रव्य टोंचलें, व ती थोड्याच दिवसांत हिंडूंफिरूं लागली. दाह शमविणारें इतकें प्रभावी औषध त्यापूर्वीं ठाऊक नव्हतें. आरोग्यसेवा, ल्युकेमियाचें औषध व कॉर्टिसोन या तिन्ही गोष्टींचा आपल्या कथेशीं पुढें संबंध येणार आहे. परंतु त्या वेळीं त्यांचा परस्परांशीं कांहीं धागा जुळेल असें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास प्लिमथ नांवाचें बंदर आहे. १६२० मध्यें 'मेफ्लॉवर' जहाज अमेरिकेस निघालें तें येथूनच. हें आरमाराचें ठाणें असल्यामुळें १९४१ च्या वसंत ऋतूंत जर्मन विमानांनीं त्यावर बाँबचा भडिमार करून शहराचा मध्यभाग जमीनदोस्त केला होता. या शहरांत डॉ. स्वीट हे त्वचारोगांचे तज्ज्ञ म्हणून काम करीत. १९४९ पासून त्यांच्याकडे अधूनमधून एक निराळीच व्याधि झालेल्या स्त्रिया येऊं लागल्या. एकाएकीं ताप भरावयाचा आणि चेहरा, मान व हातपाय यांवर लालभडक, फुगीर व दुखरे चट्टे उमटावयाचे. चट्ट्यांवर फोड आल्यासारखे दिसत, पण बोटानें चाचपून पाहतां ते घट्ट लागत, आंत पाणी नसे. पुष्कळदां याच्या आधीं सर्दी, घसा धरणें असा साधा आजार होऊन गेलेला असे. रक्त तपासलें तर न्यूट्रोफिलांची संख्या वाढलेली. एवढ्यावरून कोणीहि डॉक्टर म्हणेल, कीं हा जंतूंचा प्रादुर्भाव आहे. पण चट्ट्यांतून जंतु निघत नसत, आणि जंतुघ्न औषधांनीं हा आजार हटत नसे.

येथें डॉ. स्वीट यांच्या स्वभावाचा एक विशेष ध्यानांत येतो. एक रोगिणी पाहून त्यांनीं शोधाचा डांगोरा पिटला नाहीं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, टिपणें ठेविलीं, आणि वाट पाहिली. पंधरा वर्षांत मिळून रोगिणी जमल्या त्या अवघ्या ८. त्यांच्या विभागांत या आजारास पहिल्या दोन रोगिणींच्या आडनांवांवरून घरगुती नांव पडलें होतें, हेंहि मोठें अर्थपूर्ण आहे. कारण रोग प्रथम रोग्याचा असतो, डॉक्टराचा मागाहून होतो. शेवटीं १९६४ मध्यें 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी' या मासिकांत त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. स्वतःचें नांव त्यांनीं रोगास दिलें नाहीं. त्यांनीं दिलेलें नांव कोरड्या वर्णनाचें होतें : तीव्र, ज्वरयुक्त, न्यूट्रोफिलांचा त्वचारोग. त्याचीं चार मुख्य लक्षणें त्यांनीं सांगितलीं. पहिलें, ताप. दुसरें, रक्तांत न्यूट्रोफिलांची वाढ. तिसरें, चेहरा, मान व अवयव यांवरील उंचवट्याचे दुखरे चट्टे. आणि चौथें, चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला असतां त्वचेच्या आंतल्या थरांत पक्व न्यूट्रोफिलांची झालेली दाट गर्दी. या चार ओळींत पुढील साठ वर्षांच्या संशोधनाचा पाया घातला गेला.

१९६८ मध्यें व्हिटल, बॅक व चॅम्पियन या तिघा डॉक्टरांनीं एका निबंधाच्या मथळ्यांत या रोगाचा उल्लेख स्वीट यांच्या नांवानें केला, आणि तेंच नांव रूढ झालें. रोगास माणसाचें नांव देणें ही कित्येकांस पोकळ मानमरातबाची गोष्ट वाटते. पण या रोगाच्या इतिहासाकडे पाहतां तें मत बदलावें लागतें. कारण स्वीट यांच्या निबंधाच्या नऊ वर्षें आधीं, १९५५ मध्यें, अमेरिकेंतील कॉस्टेलो व त्यांचे सहकारी यांनीं मज्जेपासून उद्भवणाऱ्या ल्युकेमियांत त्वचेवर कोणकोणतीं चिन्हें उठतात याविषयीं एक निबंध लिहिला होता. त्यांतील एका रोग्याचें वर्णन आज वाचतां तो उघडउघड स्वीटचाच रोग होता असें पुढील अभ्यासकांनीं ठरविलें आहे. म्हणजे रक्ताच्या कर्करोगाशीं असलेला या व्याधीचा संबंध रोगाला नांव मिळण्यापूर्वींच कागदावर उतरला होता. पण तो कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. त्या निरीक्षणास टांगण्यास खुंटी नव्हती. नांव हें त्या खुंटीसारखें असतें. खुंटी नसली म्हणजे दहा डॉक्टरांनीं दहा गांवीं पाहिलेल्या दहा गोष्टी दहा कोपऱ्यांत पडून राहतात. ती ठोकली, म्हणजे त्या एका जागीं येतात व मग त्यांतील सारखेपणा आंधळ्यासहि दिसूं लागतो.

तसेंच घडलें. नांव मिळाल्यावर निरनिराळ्या देशांतून रोगी नोंदले जाऊं लागले, आणि १९७० नंतरच्या दशकांत एक अस्वस्थ करणारी गोष्ट वारंवार समोर आली. यांतील कांहीं रोग्यांना तीव्र ल्युकेमिया असे. कांहींना आधीं असे व चट्टे मागून येत. कांहींना दोन्ही एकदमच उघडकीस येत. आणि कांहींच्या बाबतींत चट्टे आधीं येत व रक्ताचा कर्करोग मागाहून, कधीं आठवड्यांनीं तर कधीं महिन्यांनीं प्रकट होई. १९८३ मध्यें कूपर, इन्स व ग्रीअर यांनीं मज्जेच्या विकारांशीं असलेल्या या संबंधाचा विचार केला, आणि १९८८ मध्यें ह्यूस्टन येथील फिलिप कोहेन, मोशे टालपाझ व राझेल कुर्झरॉक यांनीं तोंपर्यंत जगभर नोंदलेल्या अशा रोग्यांचा एकत्र आढावा घेतला. या व पुढील आढाव्यांतून जें चित्र तयार झालें तें असें : स्वीटच्या रोगाच्या साधारण पांच रोग्यांपैकीं एकास कोणतातरी कर्करोग असतो, आणि त्या कर्करोगांपैकीं बहुतांश रक्ताचे असतात. त्यांतहि मज्जेंतील दाणेदार पेशींच्या कुळांतून निघणारा तीव्र ल्युकेमिया सर्वांत अधिक.

या आंकड्याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्हीहि ध्यानांत ठेवले पाहिजेत. पांचांपैकीं चौघांना कर्करोग नसतो. त्यांचा रोग सर्दीपडशासारख्या साध्या आजारानंतर, आंतड्यांच्या दाहाबरोबर, गरोदरपणांत किंवा एखाद्या औषधामुळें उद्भवलेला असतो, आणि तो बरा होतो. तेव्हां रोगाचें नांव ऐकतांच रोग्यानें धीर सोडण्याचें कारण नाहीं. पण पांचवा जो आहे, त्याच्या दृष्टीनें त्वचेवरील तो चट्टा ही एक वर्दी आहे. अनुभवानें असें दिसून आलें, कीं साध्या प्रकारांत स्त्रिया पुष्कळ असतात, तर कर्करोगाच्या प्रकारांत स्त्री-पुरुषांचें प्रमाण जवळजवळ सारखें असतें. आणि या दुसऱ्या प्रकारांत रोगी बहुधा पांढरा फटफटीत, रक्त कमी झालेला असतो, व रक्त गोठविणाऱ्या कणांची संख्याहि बिघडलेली असते. मध्यम वयाच्या स्त्रीचे चट्टे व वयस्क, रक्तक्षय झालेल्या मनुष्याचे चट्टे दिसावयास सारखेच. पण दोघांस विचारावयाचे प्रश्न मात्र निराळे. शिवाय ज्याचा ल्युकेमिया उपचारांनीं मागें हटला आहे अशा मनुष्याच्या अंगावर हे चट्टे पुनः उठले, तर रोग परतत असल्याची ती सूचना असूं शकते.

एवढें महत्त्व ज्या चिन्हास आलें, तें ओळखण्यांत चूक होऊन कसें चालेल? म्हणून १९८६ मध्यें सू व ल्यू या दोघांनीं निदानाच्या कसोट्या ठरविल्या आणि १९९४ मध्यें जर्मनींतील फॉन डेन ड्रीश यांनीं त्यांत सुधारणा केली. त्यांप्रमाणें दोन मुख्य लक्षणें असलींच पाहिजेत, एक म्हणजे एकाएकीं उठलेले दुखरे लाल चट्टे, व दुसरें म्हणजे त्वचेच्या तुकड्यांत दिसणारी न्यूट्रोफिलांची गर्दी. आणि चार गौण लक्षणांपैकीं निदान दोन. या कसोट्यांचें सार इतकेंच, कीं डोळ्यांवर विसंबूं नका, तुकडा काढून पाहा. आपल्या देशांत या उपदेशास विशेष अर्थ आहे. कुष्ठरोगांत अधूनमधून उसळणाऱ्या एका दाहांत अंगावर तापाबरोबर दुखऱ्या लाल गांठी येतात, आणि त्या कधींकधीं हुबेहूब स्वीटच्या रोगासारख्या दिसतात, असें भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीं नोंदून ठेविलें आहे. दोन्ही रोगांचे उपाय निराळे, दोहोंचे परिणामहि निराळे. एकास दुसरा समजणें म्हणजे रोग्यास भलत्याच वाटेला लावणें होय.

आतां मूळ प्रश्न : मज्जेंतील कर्करोगाची वर्दी त्वचेनें कां द्यावी? याचें संपूर्ण उत्तर अजून मिळालेलें नाहीं. पण कांहीं दुवे हातीं आले आहेत. मज्जेला न्यूट्रोफिल अधिक निर्माण करण्याची आज्ञा देणारें एक द्रव्य शरीरांतच असतें. तें प्रयोगशाळेंत तयार करून १९९० नंतर औषध म्हणून सर्रास दिलें जाऊं लागलें. कर्करोगाच्या उपचारानें ज्यांचे पांढरे कण संपुष्टांत येतात त्यांस तें जीवदान ठरलें. पण त्यांतील कांहीं रोग्यांस या औषधानेंच स्वीटचा रोग झाला. शांघाय येथील डॉक्टरांनीं १९८८ मध्यें एका जातीच्या ल्युकेमियावर जीवनसत्त्व 'अ' च्या कुळांतील एक औषध यशस्वी झाल्याचें प्रसिद्ध केलें. तें औषध कर्करोगाच्या अपक्व पेशींना पक्व करितें, आणि त्याच्या सेवनानेंहि कित्येकांच्या अंगावर हे चट्टे उठले. आणखी, कांहीं रोग्यांच्या चट्ट्यांतील न्यूट्रोफिल तपासले असतां ते कर्करोगाच्या मूळ पेशींचेच वंशज आहेत असें आढळलें. म्हणजे वाड्यांत शिरलेल्या जागल्यांपैकीं कांहीं मुळांत बंडखोरांच्याच घरचे होते. १९०० सालच्या डॉक्टराला सूक्ष्मदर्शकांतून ते सारे सारखेच दिसले असते. आज त्यांची जनुकें त्यांचें कूळ सांगतात.

२००५ मध्यें स्पेनमधील लुइस रेकेना व त्यांचे सहकारी यांनीं आणखी एक गुंतागुंत दाखविली. कांहीं रोग्यांच्या त्वचेंत पक्व न्यूट्रोफिल न दिसतां गोल, मोठ्या, निराळ्याच दिसणाऱ्या पेशी आढळतात; पण त्या न्यूट्रोफिलांच्याच कुळांतील अपक्व पोरें असतात. येथें निदान करणाऱ्याची खरी परीक्षा होते. ल्युकेमियाच्या पेशी कधींकधीं स्वतःच त्वचेंत घर करितात, आणि त्या दिसतातहि अशाच. एक आहे कर्करोगाची नुसती सावली, दुसरा प्रत्यक्ष कर्करोग. पहिल्यास दाहशामक औषध पुरतें. दुसऱ्यास तें देऊन स्वस्थ बसणें प्राणावर बेततें.

उपायांचा विचार केला म्हणजे १९४८ चा तो दुसरा धागा हातीं येतो. कॉर्टिसोनच्या कुळांतील औषधें या रोगावर फार त्वरित लागू पडतात. ताप थोड्याच तासांत किंवा दिवसांत उतरतो, दुखणें थांबतें आणि चट्टे बहुधा कांहीं दिवसांतच मावळूं लागतात. ज्यांस हीं औषधें सोसत नाहींत त्यांच्यासाठीं इतरहि उपाय निघाले. जपानमधील डॉक्टरांनीं १९८० मध्यें पोटॅशियम आयोडाइडचा उपयोग दाखविला. संधिवाताच्या जुन्या औषधांपैकीं कोल्चिसीन, जें सुरंजानाच्या कंदांत असतें, तेंहि वापरलें जातें. आणि कुष्ठरोगावरील सुप्रसिद्ध डॅप्सोनहि येथें उपयोगी पडतें. परंतु औषधाच्या या चपळाईंतच एक धोका दडलेला आहे. चट्टे मावळले, कीं रोगी समाधानानें घरीं जातो आणि डॉक्टरहि समाधान पावतो. मज्जेंत जर कर्करोग असेल तर तो या औषधानें बरा झालेला नसतो. फक्त त्याचा पुरावा पुसला गेलेला असतो. गांवांत जागल्याची आरोळी ऐकून त्याचें तोंड दाबलें म्हणून दरोडा टळत नाहीं. म्हणूनच त्वचा साफ झाल्यावरहि अशा मनुष्याच्या रक्ताची तपासणी वेळोवेळीं करावी व त्यांत कांहीं वावगें दिसल्यास मज्जाहि तपासावी, हा नियम या इतिहासानें घालून दिला आहे.

२०२० मध्यें या कथेस एक नवें वळण मिळालें. अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंतील डेव्हिड बेक, पीटर ग्रेसन, डॅनियल कास्टनर व त्यांचे सहकारी यांनीं नेहमींच्या वाटेनें न जातां उलट्या वाटेनें प्रवास केला. लक्षणें पाहून कारण शोधण्याऐवजीं त्यांनीं २५०० हून अधिक रोग्यांच्या जनुकांचीं टिपणें समोर ठेविलीं व एकाच जनुकांत बिघाड असलेले कोण कोण आहेत हें पाहिलें. त्यांस २५ पुरुष सांपडले. सर्व प्रौढ वयांत आजारी पडलेले. कोणाच्या कानाचें कूर्च सुजलेलें, कोणाच्या फुप्फुसांत दाह, पुष्कळांच्या अंगावर न्यूट्रोफिलांनीं भरलेले चट्टे, आणि रक्त क्षीण. निरनिराळ्या डॉक्टरांनीं त्यांस निरनिराळीं नांवें दिलेलीं होतीं. बिघाड मात्र एकच होता, आणि तोहि आईबापांकडून आलेला नव्हे. आयुष्याच्या ओघांत मज्जेच्या एखाद्या मूळ पेशींत घडलेला. बिघडलेलें जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळें पुरुषांत तो रोग अधिक. या रोगास 'व्हेक्सास' असें नांव पडलें. यांतील कित्येकांना मज्जेचे विकार जडतात. पूर्वीं स्वीटचा रोग म्हणून गणले गेलेले कांहीं वृद्ध रोगी आज तपासले असतां या नव्या नांवाखालीं येतात.

तेव्हां खुंटीची जी उपमा वर दिली ती येथें अपुरी पडते. स्वीट यांनीं एक खुंटी ठोकली व तिच्यावर लोकांनीं पुष्कळ कपडे टांगले. परंतु ते सारे एकाच अंगाचे नव्हते हें साठ वर्षांनीं कळूं लागलें. यानें स्वीट यांच्या कामास कमीपणा येत नाहीं. त्यांनीं कारण सांगितल्याचा दावा केलाच नव्हता. त्यांनीं जें दिसलें तें नेमकें सांगितलें आणि जें दिसलें नाहीं तें आपल्या मनचें भरून घातलें नाहीं. १९७९ मध्यें त्यांनीं स्वतः या विषयाचा पुनः आढावा घेतला, तो स्वतःच्या नांवानें नव्हे, तर पूर्वींच्याच वर्णनात्मक मथळ्यानें. कारणांचीं मतें बदलतात. नीट केलेलें वर्णन मात्र टिकतें. बेनेट यांचा 'रक्तांतील पू' आज कोणी मानीत नाहीं, पण त्यांनीं त्या कौलारूच्या रक्ताचें जें चित्र काढून ठेविलें तें आजहि खरें आहे.

प्लिमथच्या त्या आठ स्त्रियांपैकीं कोणासहि आपण वैद्यकाच्या इतिहासांत जाऊन बसणार आहों याची कल्पना नसावी. अंगांत ताप, चेहऱ्यावर चट्टे, लोकांत तोंड दाखविण्याची पंचाईत. एवढीच त्यांची कथा. त्यांची हकीकत एका डॉक्टरानें लक्षपूर्वक ऐकली व लिहून ठेविली. त्या लिहिण्यामुळें पुढें कोठेंतरी, दुसऱ्याच एखाद्या देशांत, असेच चट्टे पाहून एखादा डॉक्टर रोग्यास मलम देऊन वाटेस न लावतां त्याच्या बोटांतील रक्ताचा एक थेंब कांचेवर घेतो, आणि रोग बळावण्यापूर्वींच त्यास गांठतो. त्वचा हें मनुष्याचें सर्वांत उघडें इंद्रिय आहे. तिच्यावर जें लिहिलें जातें तें कोणासहि दिसतें. पण तें वाचण्यास थांबावें लागतें, आणि चट्टा मावळल्यावरहि तो कां उठला होता हा प्रश्न विसरतां कामा नये.